पाच डॉलरची उधारी : ‘क्वीन्स गँबिट’ पुन्हा बघताना

‘द क्वीन्स गँबिट’ नेटफ्लिक्सवर आली २३ ऑक्टोबर २०२० ला. तुम्ही तेव्हा मेलबर्नमध्ये असाल, तर ही तारीख वेगळी सांगायला नको. शहराच्या दुसऱ्या लॉकडाऊनचे ते शेवटचे चार-पाच दिवस होते, बाहेर जाता येत नव्हतं, आणि सात भागांची ही मालिका आपल्यापैकी बऱ्याच जणांनी दोन रात्रींत संपवली. त्यानंतर काय झालं तेही आठवत असेल. कपाटावरचा बुद्धिबळाचा पट खाली आला. धाकट्या भावंडांना ऑनलाइन क्लास लागले. अमेरिकेत त्या काही आठवड्यांत पटांची विक्री ८७ टक्क्यांनी आणि बुद्धिबळाच्या पुस्तकांची ६०३ टक्क्यांनी वाढल्याचे आकडे आले होते. एका मालिकेने एवढं केलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

एपिसोडमध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या टीनएजर मुलामुलींबद्दल आपण बोललो, तेव्हा हिचा उल्लेख ओझरता झाला आणि वेळ संपली. म्हणून हे लिहितेय. कारण गेल्या पाच वर्षांत एखादी मुलगी बुद्धिबळात चमकली की आपल्याकडे तिला लगेच ‘आपली बेथ हार्मन’ म्हटलं जातं. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही हेच झालं. मला वाटतं ही तुलना चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे बघायला मात्र मालिका नीट परत बघावी लागते. मी बघितली. आणि एक गंमत लक्षात आली, की आपल्याला आठवते ती मालिका आणि पडद्यावर असलेली मालिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छत आठवतं, पाकीट आठवत नाही

कोणालाही विचारा, काय आठवतं? उत्तर ठरलेलं असतं. रात्रीची वेळ, अनाथाश्रमातली कॉट, हिरव्या गोळ्या आणि छतावर उलट्या लटकलेल्या सोंगट्या. एक मुलगी एकटी पडून सगळे डाव डोक्यात खेळते. प्रतिभा म्हणजे काय, याचं हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

आता एक वेगळा प्रयोग करा. मालिका परत लावा आणि फक्त पैशाचे प्रसंग मोजा. बरेच सापडतील.

पहिला प्रसंग केंटकी राज्य स्पर्धेचा. प्रवेश फी पाच डॉलर. दत्तक घरात मागायची सोय नाही, म्हणून बेथ आश्रमातल्या मिस्टर शायबेलना पत्र लिहिते. शायबेल म्हणजे तळघरात तिला पट शिकवणारा तिथला सफाई कामगार. पाच पाठवा, जिंकले तर दहा परत करीन, असा मजकूर. पाकिटातून पाच डॉलर येतात. ती जिंकते. दहा डॉलर परत जात नाहीत.

दुसरा, दत्तक आई आल्मा. बक्षिसाची रक्कम कळल्यावर तिचा सूर बदलतो. ती शाळेला आजारपणाच्या खोट्या सबबी सांगते, तिकिटं काढते, हॉटेल ठरवते आणि एजंट म्हणून दहा टक्के मागते. बेथ म्हणते पंधरा घे. तिसरा, मॉस्कोचा खर्च. एक धार्मिक संघटना पैसे देते, पण बदल्यात तिने आपल्याला हवं तसं निवेदन द्यावं अशी अट घालते. बेथ पैसे परत करते. आणि चौथा, आश्रमातली मैत्रीण जोलीन वकिलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे काढून तिच्या हातात ठेवते.

म्हणजे बघा, एका सफाई कामगाराचे पाच डॉलर, एका आईचं कमिशन, एका संघटनेची अट आणि एका काळ्या मुलीची वकिलीच्या फीसाठीची बचत. एवढ्या लोकांच्या खांद्यांवर चढून बेथ मॉस्कोत पोहोचते. शेवटच्या भागात शायबेल गेल्याचं कळल्यावर ती तळघरात जाते. भिंतीवर तिची सगळी कात्रणं चिकटवलेली असतात. ते बघून ती रडते. माझ्या मते अख्ख्या मालिकेत सगळ्यात खरी जागा ही आहे. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या आयुष्यात असं एक तळघर असतं, आणि तिथे काहीतरी द्यायचं राहिलेलं असतं.

अडचण अशी आहे की मालिकेला हे माहीत आहे, आणि तरी तिचा त्यावर विश्वास नाही. मॉस्कोतला शेवटचा डाव आठवा. डाव तहकूब होतो. रात्री न्यूयॉर्कहून फोन येतो, बेनी, हॅरी, जुळे भाऊ, सगळे मिळून चाली शोधून देतात. पाहताना आपल्याला बरं वाटतं, की अखेर ही मुलगी एकटी नाही. पण दुसऱ्या दिवशी बोर्गोव त्यांनी न धरलेली चाल खेळतो, सगळी मदत निकामी होते, आणि बेथ मान वर करून छताकडे बघते. या वेळी गोळ्यांशिवाय. झालं, आपण परत कॉटवरच्या एकट्या मुलीपाशी आलो. मित्रांनी धीर दिला, डाव मात्र तिने एकटीने जिंकला, असा हिशेब मालिका लावते. मला तो पटत नाही. पटावरच्या गोष्टी अचूक असाव्यात म्हणून या मंडळींनी गॅरी कास्पारोव्ह आणि ब्रूस पँडॉल्फिनी यांना सल्लागार नेमलं होतं. चालींच्या बाबतीत एवढी काटेकोर असलेली मालिका पटाबाहेरच्या गोष्टीत शेवटी सोपी वाट धरते.

एकटी दाखवायची तर कोणाला तरी पुसावं लागतं

हे निव्वळ माझं मत म्हणून सोडून देऊ नका. याचा एक पुरावा थेट कोर्टात गेला.

त्याच शेवटच्या भागात एक समालोचक बेथची ओळख करून देताना म्हणतो, की हिच्यात विशेष म्हणजे ही बाई आहे, आणि रशियातही ते नवीन नाही, तिथे नोना गाप्रिंदाश्विली आहे, पण ती महिला विश्वविजेती कधी पुरुषांशी खेळलेली नाही. नोना ही काल्पनिक व्यक्ती नाही. ती जॉर्जियाची आहे, आणि १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री आहे. मालिकेतला हा प्रसंग १९६८ सालचा. तिच्या दाव्यानुसार तोपर्यंत ती निदान ५९ पुरुष खेळाडूंशी खेळली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी तिने नेटफ्लिक्सवर ५० लाख डॉलरचा दावा ठोकला. नेटफ्लिक्सचं म्हणणं होतं की ही कल्पित कथा आहे. न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

यात समीक्षक म्हणून मला महत्त्वाची वाटते ती एक छोटी गोष्ट. मालिका वॉल्टर टेव्हिसच्या १९८३ च्या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि कादंबरीत नोनाबद्दल बरोबर उलटं लिहिलेलं आहे, की ती या रशियन ग्रँडमास्टरांशी कितीतरी वेळा खेळलेली आहे. म्हणजे माहितीच्या अभावी झालेली ही चूक नाही. कुणीतरी खरं वाक्य वाचलं आणि उलटं करून लिहिलं. का? कारण नोना खरी असेल तर बेथ पहिली ठरत नाही. एकटेपणा असा तयार करावा लागतो. आधी वाट पाडलेल्या बाईला पुसायचं, मग नायिकेने वाट पाडली असं दाखवायचं.

आणि आपण ‘पहिली मराठी मुलगी’, ‘पहिली भारतीय’ अशा पोस्ट टाकतो, तेव्हा आपणही थोडं हेच करत असतो.

मुंबई, १९७६

आता आपल्या घरातली गोष्ट. तुमच्यापैकी किती जणांनी खाडिलकर भगिनींचं नाव ऐकलंय? आई-बाबांना विचाराल तर ते लगेच सांगतील. तुमच्या पिढीला मात्र बेथ हार्मन माहीत आहे आणि रोहिणी खाडिलकर माहीत नाही, असा माझा अनुभव आहे.

वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या तीन बहिणी. वडील नीलकंठ खाडिलकर, ‘नवाकाळ’चे संपादक. हे दैनिक १९२३ मध्ये नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी सुरू केलेलं. ते नीलकंठरावांचे आजोबा. भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूरला झाली आणि ती वासंतीने जिंकली. पुढची जवळजवळ दहा वर्षं या स्पर्धेवर एकाच घराची सत्ता होती. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. आणि रोहिणी, जन्म १९६३, वयाच्या तेराव्या वर्षी १९७६ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली. हे विजेतेपद तिने पाच वेळा मिळवलं. १९८१ मध्ये हैदराबादला ती आशियाई विजेतीही झाली.

पण १९७६ साल लक्षात ठेवायचं ते आणखी एका कारणासाठी. त्या वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असं करणारी ती भारतातली पहिली. गदारोळ झाला. मुलीने इथे खेळायचं की नाही हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेव्हाचे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष माक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. हे युवे म्हणजे स्वतः माजी विश्वविजेते. मुंबईतली तेरा वर्षांची मुलगी एका पटावर बसायला जाते आणि जगभरच्या मुलींसाठी नियम स्पष्ट होतो.

बेथच्या कथेत असा प्रसंगच नाही. पहिल्या स्पर्धेत नोंदणीच्या टेबलावरची मुलं जराशी हसतात, एक-दोन डावांनंतर हसणं थांबतं, विषय संपला. तिथे प्रतिभा सिद्ध झाली की दार उघडतं. रोहिणीच्या बाबतीत दार उघडायला कोर्ट आणि महासंघ लागला. घरी बरोबरीने खेळणाऱ्या दोन बहिणी होत्या. मुलींच्या पाठीशी उभा राहणारा, वर्तमानपत्र चालवणारा बाप होता. यात तिच्या प्रतिभेला कमीपणा येतो का? मला नाही वाटत. उलट तेराव्या वर्षी एवढं ओझं पाठीवर घेऊन चांगली चाल शोधायची, हे गोळ्या खाऊन छताकडे बघण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आणि आणखी एक, जे ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या तुम्हाला आवडेल. १९८५ मध्ये अ‍ॅडलेडला आशियाई ज्युनियर मुलींची स्पर्धा झाली. त्यात मलेशियाच्या ऑड्री वाँगबरोबर संयुक्त पहिली आली ती मुंबईची अनुपमा अभ्यंकर, पुढची अनुपमा गोखले. पुढच्या वर्षी, अवघ्या सोळाव्या वर्षी, तिला पद्मश्री मिळाली. तुम्ही अ‍ॅडलेडला वीकेंडला जाल तेव्हा आठवा, की चाळीस वर्षांपूर्वी एक मराठी शाळकरी मुलगी इथे येऊन पट जिंकून गेली होती. तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हते आणि हरलेला डाव रात्रीतून तपासून देणारं इंजिनही नव्हतं.

नागपूर ते बातुमी

मग दिव्या. तिची गोष्ट एका ओळीत सांगायचा मोह होतो, १९ वर्षांची मुलगी, पंधरावं मानांकन, एकही ग्रँडमास्टर नॉर्म हाती नसताना विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली. सगळं खरं आहे. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, म्हणजे दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. दोन्ही मूळ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. या विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, महिलांमध्ये फक्त चौथी.

पण ती अचानक उगवलेली नव्हती. दहा वर्षांखालची जागतिक विजेती ती २०१४ मध्येच होती. राष्ट्रीय महिला विजेतेपद दोनदा. २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद, आणि त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण. म्हणजे ‘एका रात्रीत स्टार’ व्हायला तिला दहा-बारा वर्षं लागली. आई-वडील दोघंही डॉक्टर. जिंकल्याक्षणी ती रडत आईच्या गळ्यात पडली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. आई तिथे होती, हे बघा. बातुमीच्या त्या हॉलबाहेर, आणि त्याआधी कितीतरी हॉलबाहेर.

आणि आता शायबेलची आठवण करा. नागपूरला परतल्यावर दिव्याने हे यश तिचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांना अर्पण केलं. तिने ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झालेली बघायला ते नव्हते. मालिकेत बेथला हे कळायला सात भाग आणि एक अंत्यविधी लागतो. नागपूरच्या मुलीने विमानतळावरून घरी येता येता सांगून टाकलं. तिला उधारी माहीत होती. म्हणून म्हणते, दिव्याला बेथ म्हणू नका.

एका जागी मात्र दिव्या आणि बेथ समोरासमोर येतात, आणि तिथे मालिका हरते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर दिव्याने, तेव्हा ती अठरा वर्षांची होती, इन्स्टाग्रामवर लिहिलं, की प्रेक्षक तिच्या डावाबद्दल न बोलता तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, आणि पुरुष खेळाडूंच्या बाबतीत असं होत नाही. आता मालिका आठवा. कॅमेरा कशावर रेंगाळतो? बेथचे ड्रेस दर भागात बदलतात, शेवटी तर तिला पांढऱ्या वजिरासारखा पांढरा कोट आणि टोपी घातलीय. मालिकेच्या वेशभूषेवर केवढे लेख आले! दिसायला हे सुंदर आहे, नाकारत नाही. पण हीच नजर प्रेक्षागृहातून खऱ्या मुलीवर पडते तेव्हा तिला चालीवर लक्ष ठेवणं अवघड होतं. मालिकेने मुलींना पटाकडे आणलं, आणि प्रेक्षकांना पटाऐवजी मुलींकडे बघायची सवयही लावली. दोन्ही खरं आहे.

आकडे काय म्हणतात

संशोधकांचा पॉडकास्ट आहे, तर थोडे आकडे हवेतच. ‘प्रतिभा’ या शब्दाला ते चांगला चिमटा काढतात.

२००९ मध्ये बिलालिच, स्मॉलबोन, मॅक्लाऊड आणि गोबे यांनी जर्मनीच्या लाखाहून जास्त खेळाडूंची रेटिंग्ज तपासली. प्रश्न असा, की वरच्या शंभर पुरुषांत आणि वरच्या शंभर स्त्रियांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक केवळ संख्येमुळे आहे? साधी गोष्ट आहे. शंभर जणांनी फासे टाकले आणि पाच जणांनी फासे टाकले, तर सगळ्यात मोठं दान शंभरांच्या गटात पडण्याची शक्यता जास्त. यात शंभरातल्या कुणाचा हात चांगला असायची गरज नाही. त्यांच्या हिशेबाने ९६ टक्के फरक याच कारणाने समजावता आला. या हिशेबावर पुढे वाद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. पण मुद्दा राहतो. एक विलक्षण मुलगी शोधण्यापेक्षा शंभर साध्या मुली पटावर बसवणं जास्त कामाचं.

दुसरं संशोधन तर तुमच्या शेजारचं. २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांचा एक लेख आला होता, की पुरुषांशी खेळताना स्त्रिया रेटिंगवरून अपेक्षित असतो त्यापेक्षा चांगल्या खेळतात. २०२० मध्ये डेव्हिड स्मर्डन आणि सहकाऱ्यांनी हिशेबाची मांडणी बदलून दाखवलं, की चित्र उलटं आहे, समोर पुरुष असला की स्त्रियांची कामगिरी अपेक्षेपेक्षा घसरते. ‘मुली यात कमीच’ हे वाक्य हॉलच्या हवेत असेल तर ते पटावर उतरतं. हा स्मर्डन कोण? युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलँडमधला अर्थशास्त्रज्ञ, आणि स्वतः ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर.

या माणसाकडे मला तुमचं लक्ष वेधायचंय, आणि त्याच्या संशोधनापेक्षा त्याच्या आयुष्याकडे. ऑस्ट्रेलियाला पहिला ग्रँडमास्टर मिळाला १९८५ मध्ये, इयन रॉजर्स. त्यानंतर हा किताब मिळवणारे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातला झाओ झोंग-युआन डॉक्टर झाला, स्मर्डन अर्थशास्त्रज्ञ. इथल्या गुणी ज्युनियरपुढे बहुतेक वेळा पटाबरोबर दुसरी वाट असतेच. युवा स्पर्धेसाठी देशाच्या संघात निवड झाली तरी विमानाचं तिकीट बहुधा घरूनच निघतं. आणि मग अकरावी-बारावी येते.

सोडलं म्हणजे हरलं?

इथे माझी मालिकेवरची सगळ्यात मोठी तक्रार सांगते. बेथच्या जगात दोनच शेवट आहेत, मॉस्को किंवा बाटली. एक तर जगज्जेत्याला हरवायचं, नाहीतर सोफ्यावर पडून राहायचं. हॅरी बेल्टिक मध्येच खेळ सोडून इंजिनिअर व्हायचं ठरवतो, तर मालिका त्याच्याकडे जराशा दयेनेच बघते. जणू त्याच्याकडे ‘ते’ नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत काही जण असे असणार, ज्यांनी कधीतरी जानेवारीच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियन ज्युनियर स्पर्धा खेळली, ईस्टरला कॅनबेराला डोबर्ल कप खेळायला गेले, १९६३ पासून चालू आहे ती स्पर्धा, आणि मग अकरावीत पट बंद केला. ‘अजून खेळतोस का रे?’ असं मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काका विचारतात, आणि तुम्ही विषय बदलता. मी हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी लिहिलाय. तुम्हाला जे वाटतं, की आपल्यात प्रतिभा कमी पडली, ते तुम्हाला एका चुकीच्या गोष्टीने शिकवलंय. तुमच्यात आणि पुढे गेलेल्यात कितीतरी वेळा फरक असतो तो असा, की एखाद्याच्या गावात चांगला कोच होता, दुसऱ्याच्या नव्हता. एकीची आई चार महिने रजा घेऊ शकत होती, दुसरीची नाही. प्रतिभेत फरक असतोच, नसतो असं मी म्हणत नाही. पण तो किती, हे कळायला आधी बाकीचं वजा करावं लागतं, आणि ते कुणी वजा करत नाही.

रोहिणी खाडिलकर पुढे स्पर्धेतून निवृत्त झाल्या, छपाईचं तंत्र शिकल्या आणि ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. जयश्री ‘नवाकाळ’च्या संपादक. याला कुणी अपयश म्हणेल? तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेती होणं ही गोष्ट स्वतःच पूर्ण आहे. पुढे विश्वविजेतेपद मिळालं तरच ती गोष्ट सांगण्यालायक, ही अट आपण बाहेरून लावतो.

तरी ‘क्वीन्स गँबिट’ बघा, परत बघा. अभिनय उत्तम आहे, आन्या टेलर-जॉयचे डोळे पटावर बसल्यावर जे बोलतात ते शंभर संवादांना जमणार नाही. बुद्धिबळ पडद्यावर एवढं जिवंत क्वचितच दिसलंय. फक्त या वेळी छतावरच्या सोंगट्यांऐवजी तळघराच्या भिंतीकडे बघा.

आणि पुढच्या जानेवारीत तुमच्या शहरात ज्युनियर स्पर्धा असेल, तर अर्धा तास काढून जा. आत मुलं खेळत असतात. दाराबाहेर, जिथून पट दिसत नाही तिथे, काही माणसं डबा मांडीवर घेऊन बसलेली असतात. कुणाची आजी, कुणाचा बाबा, कुणी कोच. आतून एखादं मूल बाहेर आलं, की ती त्याचा चेहरा वाचतात, आणि बहुतेक वेळा काही न विचारता डबा उघडतात. तुमचा डबा कुणी उघडला होता, ते आठवलं तर त्यांना फोन करा. नागपूरला, पुण्याला, टार्नीटला, कुठेही. दहा डॉलर ते मागणार नाहीत.